उरलेली भाकर

उद्धवरावांनी ताटातली भाकर दोन बोटांनी उचलली, डोळ्यांसमोर धरून नीट पाहिली आणि ताटाच्या कडेला परत ठेवली. मग वाटीच्या पाठीनं भाताची मूदही पलीकडे सारली. आता त्यांच्या वाटणीला उरलं वांग्याची भाजी, घट्ट वरण, काकडी आणि शेंगदाण्याची चटणी.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "समोर हाय, पन हात लावला नाई."

"पाह्यलं," देवकाबाई म्हणाल्या. रोजच पाहत होत्या.

हा सोहळा दिवाळीनंतर सुरू झाला. तेलंगणातल्या बोथजवळच्या एका जिनिंगवर उद्धवराव काटेवाले होते. कापसाच्या गाड्या वजनाला लागायच्या, आणि हे काट्याशेजारच्या खुर्चीत सकाळी बसले की संध्याकाळीच उठायचे. पोट त्या खुर्चीतच वाढलं. हंगामाच्या ऐन गर्दीत छातीत कळ आली. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी तारा लावून तपासलं आणि सांगितलं की झटका आलेला नाही, पण त्याची वाट मोकळी आहे. वजन, साखर, रक्तातली चरबी, सगळंच वाढलंय. गोळ्या घ्या, चाला, आणि भात, भाकर, साखर यांच्या बाबतीत हात आखडता घ्या. भाजी, डाळ, दही खा. हैदराबादला नोकरीला असलेल्या वैभवनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फोनवर या पथ्याचं नावही सांगितलं, लो-कार्ब. नाव मिळालं आणि उद्धवरावांना हुरूप आला. नुसतं कमी खाणं ही गरिबी झाली. त्याला इंग्रजी नाव असलं की चारचौघांत सांगता येतं.

पहिला घोटाळा देवकाबाईंनी केला. भात बंद, भाकर बंद, म्हणजे उपास, हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. त्यांनी मोठ्या निष्ठेनं नवऱ्याला साबुदाण्याची खिचडी, भगर, उकडलेली रताळी आणि बटाट्याचा कीस घातला. एकादशी अन् दुप्पट खाशी, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पुढच्या तपासणीत साखर उतरायची ती चढली. "आई, साबुदाना म्हंजे भाताचा बाप हाय," वैभव फोनवर म्हणाला. देवकाबाई त्या दिवशी मोरीत जाऊन रडल्या. आपल्याच हातानं आपण कुंकवाला धक्का लावत होतो, असं त्यांना वाटलं. त्यानंतर पथ्यात त्यांच्याकडून कसूर झाली नाही.

एका गोष्टीत मात्र त्या हटल्या नाहीत. नवऱ्यापुढं बिनभाकरीचं ताट ठेवायचं नाही. ते अभद्र, असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं, आणि आईपुढं डॉक्टरचं चालत नव्हतं.

"वाढनं माह्यं काम. खानं न खानं तुमी पाहा."

उद्धवराव सुरुवातीला चिडले. मग त्यांना ते आवडायला लागलं. भाकर समोरच नसेल तर ती सोडल्याचं श्रेय कुठून मिळणार? एखाद्या दिवशी देवकाबाईंना उशीर झाला तर तेच विचारायचे, "भाकर कुठी हाय?" गरम भाकर यायची, वाफ नाकात जायची, उद्धवराव आवंढा गिळायचे आणि ती बाजूला ठेवायचे. मग रात्रीपर्यंत पोटात कावळे ओरडायचे. ते अंगणात येरझारा घालायचे, डबे उघडायचे, झाकणं लावायचे, फुटाणे तोंडात टाकायचे आणि पुन्हा फिरायला लागायचे. घरात माणूस नसून कोंडलेला वारा आहे असं वाटायचं.

पण वजन उतरलं. जिनिंगवर बोचकी मोजायच्या छोट्या काट्यावर ते स्वतः उभे राहायचे आणि हमाल गोळा व्हायचे.

"काटेवाले, वजनातला ओलावा किती कापला आज?"

"ओलावा नाई बाबा, मनच मारलं," उद्धवराव म्हणायचे आणि लो-कार्बवर प्रवचन द्यायचे. गाडीवाल्यांना, चहावाल्याला, दिसेल त्याला. पँटच्या पट्ट्याला पाडलेली नवीन भोकं ते सगळ्यांना दाखवायचे.

बाजूला सारलेली भाकर पुढं कुठं जाते, याची चौकशी मात्र कोणी केली नाही.

देवकाबाई नवऱ्याचं झालं की त्याच्याच ताटात जेवायला बसायच्या, लग्न झाल्यापासून. पूर्वी त्या ताटात फार काही उरायचं नाही. आता अख्खी भाकर, भाताची मूद आणि वर त्यांची स्वतःची भाकर. अन्न टाकणं पाप. दारात गाय नव्हती, आणि उष्टं दुसऱ्याला देऊ नये असं त्यांचं मत होतं. भूक असो नसो, त्या ताट पुसून उठायच्या. नवऱ्याच्या अंगावरून जे उतरत होतं ते त्यांच्या अंगावर चढत होतं, आणि त्या मुळातच काही हलक्या नव्हत्या. मला उद्धवरावांचा राग येतो तो इथं. माणूस दिवसभर दुसऱ्याच्या मालाचं वजन करतो, आणि घरातलं डोळ्यांपुढं वाढत असताना त्याला दिसत नाही.

देवकाबाईंनाही आता स्वस्थता नव्हती. गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेल्या की मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून उठून बसायच्या. बसवेना म्हणून उभ्या राहायच्या, आणि उभ्याच आहोत तर म्हणून एखादं काम काढायच्या.

"तुमच्या पायावर सूज दिसून राह्यली," शेजारच्या सोनाबाई म्हणाल्या. "बोट दाबून पाहा. खड्डा पडते."

"उभ्यानं काम असते माय."

"काऊन सांगत नाई त्यायले?"

"त्यायचं पथ्य चालू हाय," देवकाबाई लुगड्यानं पाय झाकत म्हणाल्या. "साबुदान्यानं एकदा मारतच होती मी त्यायले. आता अजून घोर कायले लावू?"

संक्रांत झाली आणि एका रविवारी उद्धवरावांनी जिनिंगच्या मुनिमांना, सुधाकररावांना, जेवायला आणलं. सुधाकररावांनाही डॉक्टरनं तंबी दिली होती, आणि त्यांना डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटणार नव्हतं.

"वाढ देवका, गरम वाढ," उद्धवरावांनी हाक दिली.

देवकाबाईंनी दोघांच्या ताटात तव्यावरच्या भाकरी वाढल्या. उद्धवरावांनी आपली भाकर उचलली, पाहिली, ठेवली.

"आता तुमी."

सुधाकरराव बिचारे भाकरीकडे पाहत राहिले. "वास लय भारी सुटला हो."

"वासाले कार्ब नसते. ठेवा बाजूले."

त्यांनी ठेवली. दोघं हसले, एकमेकांची पाठ थोपटली आणि भाजीवर ताव मारला. जेवण उरकून ते ओसरीवर पान लावत बसले. आत देवकाबाईंनी दोन्ही ताटांकडे पाहिलं. पाहुण्याचं उष्टं खायचं नसतं, पण सुधाकररावांची भाकर अजून मोडलेलीही नव्हती. त्यांनी ती नवऱ्याच्या ताटात घेतली. मग खाली बसल्या आणि खाऊ लागल्या.

पहिल्यांदा सुधाकररावांनाच दिसलं. ते पाणी प्यायला आत डोकावले.

"उद्धवराव, वहिनी पाहा कशा करून राह्यल्या."

देवकाबाई भिंतीला टेकून श्वास ओढत होत्या. ओठ निळसर पडले होते. हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. उद्धवराव "काय झालं, काय झालं" एवढंच म्हणत घरातल्या घरात फिरले, चप्पल सापडेना, फोन सापडेना. गाडी सुधाकररावांनीच काढली. आदिलाबादपर्यंत उद्धवराव बायकोचा हात धरून बसले होते. तो हात इतका जड कधी झाला, हे त्यांना आठवेना.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या, तेलुगू बोलणाऱ्या, पेशंटशी मोडक्या हिंदीत बोलायच्या. त्यांनी ऑक्सिजन लावला, सुया दिल्या, अंगातलं पाणी उतरवलं. बोलण्याइतका श्वास आल्यावर त्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"अम्मा, रोज क्या क्या खाते?"

"वहीच, जो मैं खाता हूँ मॅडम," उद्धवराव म्हणाले. "हमारे घर में सब लो-कार्ब है."

"आप रुको. अम्मा बोलेंगे."

देवकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आपल्या खाण्याबद्दल कोणी विचारतं, याचंच त्यांना अवघडल्यासारखं झालं.

"यायचं झालं की बसते मंग," त्या म्हणाल्या. "यायच्या ताटात. यायची भाकर रायते, भात रायते. ते संपवते. वरतून माह्यी एक."

डॉक्टरीणबाईंना मराठी कळत होतं. त्यांनी उद्धवरावांच्या सैल पँटकडे पाहिलं, मग देवकाबाईंच्या पायांकडे.

"आपका हार्ट बहुत थक गया अम्मा. ऐसा एक दिन में नहीं होता. अब नमक कम. अन्नम, मतलब चावल, और भाकर, सब कम. जैसा इनको बोली थी, वैसाच."

देवकाबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या विचारात पडल्या आहेत हे दिसत होतं, आणि तो विचार हार्टचा नव्हता.

"मी नाई खाल्लं," त्यांनी विचारलं, "त यायचं उरलेलं कोन खाईन?"

उद्धवराव उठून खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर बसेस येत-जात होत्या. भाकर बाजूला सारली की ती संपली, असंच ते इतके दिवस धरून चालले होते. त्यांना शरम वाटली, आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना.

देवकाबाई दवाखान्यात असताना वैभव रजा काढून आला आणि दोन दिवस राहून गेला. त्या घरी आल्या त्या संध्याकाळी घरात दोघंच. उद्धवरावांनी मेथीची भाजी केली होती. खालून लागली होती, पण खाण्यासारखी होती. वरण पातळ झालं होतं. मीठ त्यांनी दोन्हींत घाबरत घाबरत घातलं होतं. देवकाबाई परात घ्यायला उठल्या तसं उद्धवरावांनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

"आज भाकर नाई."

"तुमच्यापुढं उघडं ताट ठेवू मी?"

"राहू दे उघडं."

त्यांनी दोन ताटं मांडली, समोरासमोर. देवकाबाई एकदा ताटाकडे, एकदा दाराकडे पाहत होत्या, सोनाबाई आली तर काय म्हणेल म्हणून. उद्धवराव डाव घेऊन त्यांच्यापुढं वाकले.

"किती वाढू?"

"वाढा तुमाले वाटन तेवढं."

"मले काय माहीत? तुले किती लागते, सांग."

या घरात कोणाला किती लागतं हे देवकाबाईंना पाठ होतं. वैभवला, पाहुण्यांना, मेलेल्या सासू-सासऱ्यांनासुद्धा. विचारावं लागायचं नाही. तोंड पाहून त्या वाढायच्या. आता त्यांनी आपल्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं आणि खरंच विचार केला.

"माहीत नाई," त्या हळूच म्हणाल्या.

उद्धवरावांनी घाई केली नाही. भाजीचा डाव ताटावर तसाच धरून ते उभे राहिले.