समोरच्या बाईची तुरपाई

धाकटी बहीण परदेशी गेली त्याला अकरा वर्षं झाली. त्या देशाविषयी गल्लीत कुणाला काही विचारायचं असलं, की लोक थोरलीच्या शिलाईच्या दुकानात येत. थोरली तिकडे कधीच गेली नव्हती. म्हणून तर इतकं ठासून सांगू शके. "तिकडे उसवलेलं कुणी शिवत नाही बाई, सरळ फेकतात. अन् शेजारचा मेला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो." हे सांगताना तिला आतून फार बरं वाटे. तिकडे कुणी कुणाचं नाही, म्हणजे धाकटी अजून आपलीच.

महिन्याभराच्या सुट्टीवर धाकटी आली, ती थोरलीनेच शिवून पाठवलेला निळा ड्रेस घालून. थोरलीने तिला पोटाशी धरलं आणि हात सवयीने बाहीच्या काठावर गेला. बाही आखूड केलेली होती. टाका इतका बारीक, की बोटालाही लागेना.

"ही कुणी केली गं?"

"समोरच्या बाईने. चार संध्याकाळी गप्पा मारत करत बसली होती. माझ्या घराची किल्लीसुद्धा तिच्याकडेच असते."

"तिकडे शेजारी बोलतात?"

"बोलतात काय! मी आजारी पडले तेव्हा आठवडाभर तिच्याच घरी होते की."

"मला नाही सांगितलंस ते."

"तू काळजी करत बसली असतीस, ताई."

"म्हणजे काळजीसुद्धा तिलाच देऊन टाकलीस."

धाकटी हसली.

दुपारी धाकटी आंघोळीला गेली तशी थोरलीने ड्रेस उलटा करून मांडीवर घेतला आणि ती तुरपाई उसवायला लागली. टाके भारी चिवट. दुसरी बाही उसवून होतेय तोच धाकटी केस पुसत दारात उभी.

"काय चाललंय?"

"तिरकी होती."

"काही तिरकी नव्हती."

"नसू दे. माझ्या कपड्याला माझाच हात लागू दे."

थोरलीने चष्मा चढवला, सुई ओवली. हात एरवी असा घाई करत नसे. बाहीला चुणी पडली. धाकटीने घालून पाहिलं, "छान झालं" म्हणाली. झालं नव्हतं, आणि ते दोघींनाही दिसत होतं.

"परत गेल्यावर तिला दाखवू नकोस हं."

"दाखवायला कशाला हवं? दार उघडल्याबरोबर बाही पलटून बघेल. अगदी तुझ्यासारखी आहे."

"माझ्यासारखी कुण्णी नाही. काढ तो ड्रेस," थोरली म्हणाली आणि आपलीच तुरपाई उसवायला बसली.