माझ्या पोटातल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, वयाने मी जुनी आहे, पण मोडकी नाही, एवढं आधीच सांगून टाकते. मी लाकडाची प्रार्थनापेटी. डोक्यावर एक फट, पुढे छोटंसं कुलूप, बस्स. ज्याच्या मनात काही सलत असेल त्याने ते कागदावर लिहायचं, घडी घालायची आणि माझ्या पोटात सोडायचं. चर्चच्या दारापाशी अशी बत्तीस वर्षं मी काढली.

मला घडवलं सुतारबाबांनी, चर्चच्या एका मोडक्या बाकाच्या फळ्यांतून. रंधा मारताना ते गुणगुणायचे आणि हात चुकला की मलाच रागवायचे, "नीट उभी राहा की गं!" त्या वेळचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भारी विसराळू. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. ते किल्ली हरवणार याची बाबांना खात्रीच होती. म्हणून माझ्या तळाची फळी त्यांनी खिळ्यांनी ठोकली नाही, खाचेत बसवली. डाव्या बाजूला अंगठ्याने दाबलं की ती सरकते. ही खुबी ठाऊक होती फक्त त्या दोघांना आणि मला.

ते म्हातारे पाळकसाहेब दर सोमवारी सकाळी मला मांडीवर घेऊन बसायचे. एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायचे, डोळे मिटायचे, मग ती खिशात घालून चपला चढवायचे. त्या घरी जाऊन आल्याशिवाय चिठ्ठी खिशातून निघायची नाही. कधी कधी त्यांचा खिसा इतका फुगायचा की बाबा म्हणायचे, "साहेब, शर्ट फाटेल!" काय सांगू, तेव्हा माझी छाती कशी फुगायची! मला वाटायचं, मी नसते तर या लोकांचं काय झालं असतं?

मग ते निवृत्त होऊन दूर मुलाकडे राहायला गेले. आणि जाताना माझी किल्ली कोटाच्या खिशात तशीच घेऊन गेले! हयातभर जपलेला विसराळूपणा नेमका त्या दिवशी माझ्या मुळावर आला.

नवे पाळकसाहेब तरुण. माणूस वाईट नव्हता हो, उगाच कशाला खोटं बोलू? पण त्यांच्यामागे कामांचा ससेमिरा. मोठा पडदा आला, रंगीत दिवे आले, ढोल बडवणारी पोरं आली. गर्दी वाढली. पाळकसाहेबांना वाटे, पेटी चर्चचे सेक्रेटरी उघडतात. सेक्रेटरींना वाटे, पाळकसाहेब उघडतात. दोघेही एकमेकांवर विसंबून निवांत. दर रविवारी पडद्यावर माझा फोटो झळकायचा आणि खाली अक्षरं यायची, "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो." मी दारापाशी छत्र्यांच्या शेजारी उभी राहून ते बघायचे. ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, कोण करतं? पण मला फट आहे, तोंड नाही.

याच काळात सुतारबाबा अंथरुणाला खिळले. अर्धं अंग लुळं पडलं. त्यांची बायको, आमच्या सुतारकाकू, कपडे शिवून घर चालवायच्या. रविवारी शेजारणीला बाबांजवळ बसवून तासाभरासाठी धावतपळत यायच्या. पाळकसाहेबांभोवतीची गर्दी हटेपर्यंत थांबता यायचं नाही, म्हणून अधूनमधून माझ्यात चिठ्ठी टाकायच्या. त्यांचं म्हणणं एवढंसंच होतं, "ह्यांना प्रभुभोजन घ्यायची फार इच्छा आहे. चर्चमधून कोणीतरी घरी या. दहा मिनिटं बसा." प्रभुभोजन म्हणजे पाळकांच्या हातून घ्यायचा भाकरीचा घास आणि द्राक्षरसाचा घोट. पहिली चिठ्ठी पडली तेव्हा मला वाटलं, आता येतील. मग दुसरी पडली. मग पाचवी. प्रत्येक चिठ्ठी माझ्या पोटात दगडासारखी बसायची. ज्या माणसाने मला घडवलं त्याच्यासाठी मला काही करता येईना. तळाची फळी बोटभर सरकली असती तरी सगळं बाहेर पडलं असतं. पण फळी आपली आपण सरकते का?

एका दुपारी नवे पाळकसाहेब एकटेच आले. इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून एक घडी काढून त्यांनीही माझ्यात टाकली. मी चाटच पडले.

तीन वर्षं गेली. एका रविवारी काकू बारावी चिठ्ठी घेऊन आल्या. त्यांनी ती फटीत सारली, तर ती अर्धी आत जाऊन परत बाहेर आली. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा बाहेर. मी गळ्यापर्यंत भरले होते. काकूंनी फटीला डोळा लावला. आत कागदच कागद. 

मग त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, "हिची किल्ली कुठंय?"

"पाळकसाहेबांकडे असेल की."

पाळकसाहेब म्हणाले, "माझ्याकडे? सेक्रेटरींकडे नाही का?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. "काकू, या आठवड्यात कुलूप तोडून घेतो," ते म्हणाले. तेवढ्यात कोणीतरी त्यांना माईक तपासायला बोलावलं आणि ते गेले.

पुढच्या रविवारी माझ्या फटीवर चिकटपट्टीने कागद डकवला होता, "पेटी बंद आहे. विनंत्या मोबाईलवर पाठवाव्यात." काकूंनी तो वाचला आणि मला काखेत मारलं. "ही ह्यांनी केलेली आहे. घरी नेते."

"न्या ना," सेक्रेटरी म्हणाले. "नाही तरी जागाच अडवते."

बाबांनी मला पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आलीस होय गं?" मग काकूंना म्हणाले, "तळाला, डावीकडे दाब." फळी सरकली आणि तीन वर्षांच्या चिठ्ठ्या त्यांच्या चादरीवर सांडल्या. त्यात काकूंच्या अकरा.

"म्हणजे मला विसरले नव्हते," बाबा हळूच म्हणाले. "त्यांना कळलंच नाही."

काकू उसळल्या. "कळलं नाही म्हणजे? तीन वर्षं बाकावर तुमची जागा रिकामी आहे! डोळे नव्हते त्यांना?"

"देवाने वाचल्या असतील गं."

"देवाने वाचल्याच हो. त्याच्यावर माझा राग नाही. पण दार वाजवायला तो माणसंच पाठवतो ना?" असं म्हणून त्या रडल्या. मी रिकामी झाले होते, तरी मला हलकं वाटलं नाही.

त्या दिवसापासून शिवणयंत्र थांबलं की दोघं चिठ्ठ्या घेऊन बसत. "परीक्षेत पास होऊ दे," अशी एक निघाली. बाबा हसले, "हा आता नोकरीलाही लागला असेल." एकीत लिहिलं होतं, "आईचं ऑपरेशन आहे." ती आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, हे दोघांना ठाऊक होतं. तरी त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. दुसरं काय करणार?

एका चिठ्ठीवर नाव नव्हतं. "मी दर रविवारी शेकडो लोकांशी बोलतो. प्रभूशी मात्र बोलता येईनासं झालं आहे. कोणाला सांगू?" काकूंनी अक्षर ओळखलं. चर्चच्या फळ्यावर दर आठवड्याला तेच अक्षर असायचं. पण बाबांना नाव सांगितलं नाही. बाबा म्हणाले, "ही सगळ्यांत वर ठेव. याचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं आहे." रोज पहिली प्रार्थना त्या चिठ्ठीसाठी होऊ लागली.

बाबा पावणेदोन महिन्यांनी गेले. प्रभुभोजन राहिलंच; काकूंनी पुन्हा मागितलं नाही आणि आपणहून कोणी आलं नाही. त्यांनीच केलेली पेटी उशाशी होती, आणि मी नुसती बघत राहिले.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब फार सुंदर बोलले म्हणे. आठवड्याने ते घरी आले. रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाले, "काकू, मला यायला हवं होतं."

काकूंनी अकरा चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. ते वाचत गेले, मान खाली जात गेली. मग काकूंनी ती बिननावाची चिठ्ठी पुढे ठेवली. आपलं अक्षर त्यांनी ओळखलं.

"ही कोणाची, ते ह्यांना ठाऊक नव्हतं," काकू म्हणाल्या. "पण शेवटच्या दिवसापर्यंत त्या माणसासाठी प्रार्थना केली."

पाळकसाहेब लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "रविवारी याल ना?"

"नाही साहेब. तिथे आता पाय वळत नाही. प्रार्थना मात्र सुटलेली नाही, इथेच करते. तुमची चिठ्ठी असू दे माझ्याकडे."

मित्रांनो, आता मी शिवणयंत्राशेजारी असते. पोटात एकच चिठ्ठी आहे आणि ती रोज बाहेर निघते. पाळकसाहेबांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी पेटी आहे, मला कोणाच्या घरी जाता येत नाही. तुम्हाला येतं. शेजारच्या बाकावरची जागा रिकामी दिसली, तर चिठ्ठीची वाट बघू नका. जाऊन या.