विमानात एकाचीच जागा

आता तुम्हीच सांगा, बाईमाणसाला फोनवर कुणी वजन विचारतं का? त्या धावपट्टीवरच्या माणसाने जागा राखताना विचारलं, आणि मी अठ्ठावन्न सांगून मोकळी झाले. लग्नात होतं तेवढं. मला काय ठाऊक, निघायच्या वेळी सामानाच्या काट्यावर माणसंही उभी करतात म्हणून!

मुलीने हौसेने आम्हा दोघांना समुद्रकाठच्या रिसॉर्टवर पाठवलं होतं. तिचे दिवस भरायला अजून महिना होता. आणि सकाळी तिच्या शेजारणीचा फोन, कळा सुरू झाल्या, दवाखान्यात आणलंय. जावई बोटीवर नोकरीला, तो भर समुद्रात. पोर एकटी! रस्त्याने निघालो तर दुसरा दिवस उजाडणार. मग हे विमान. त्याला विमान म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून. जीपला पंख लावल्यासारखं दिसत होतं.

धावपट्टी म्हणजे एक डांबरी पट्टा, कडेने वाळू, पत्र्याची एक शेड. काटेवाल्याने मला उभं केलं आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला, "एकाहत्तर!"

मेल्याला हळू बोलता येत नव्हतं. बरं, चोरी माझ्या एकटीची नव्हती. ती नवीन लग्न झालेली जोडी, तो टाय लावलेला साहेब, सगळ्यांनी आपापलं वजन कमीच सांगितलं होतं. सामान उतरवून ठेवलं तरी भागेना. वैमानिक पोरसवदा, पण जाम हटेना.

"काकू, सगळ्यात जास्त फरक तुमचा आहे. तुमच्या दोघांपैकी एकाला उद्याच्या विमानाने यावं लागेल."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "माझी मुलगी तिकडे अडली आहे," मी साहेबाला म्हटलं, "तुम्ही थांबा ना एक दिवस!" तो मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. नव्या नवरीला विचारलं तर ती नवऱ्याच्या मागे सरकली. मग वैमानिकाला फैलावर घेतलं. तो म्हणाला, वारा वाढण्याआधी निघायचंय, काय ते ठरवा. आणि आमचे हे? बाकड्यावर ढिम्म.

"अहो, काहीतरी बोला की!"

"तू जा," हे म्हणाले. "अशा वेळी आईच हवी. मी येतो उद्या."

मला हायसं वाटलं, पण स्वस्थ बसवेना. शेडमधून बाहेर, बाहेरून आत. पिशवी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. काटेवाला म्हणाला, "काकू, बसा हो, मला गरगरायला लागलं." मी काही बसले नाही. कुंपणापाशी जरा रेंज येत होती. तिथे जाऊन उभी राहिले, तेवढ्यात मुलीचाच फोन.

"आई, निघालात?"

"निघतेच आहे गं राणी! जागा एकच मिळतेय, बाबा उद्या येतील. तू मुळीच घाबरू नकोस. डॉक्टर काय म्हणाले? बाळाचे ठोके बघितले का? ती शेजारीण आहे ना जवळ? पाणी पिऊ नकोस, नाहीतर विचारून पी, आणि..."

"आई." तिने एक कळ सोसली. मला ऐकू आली ती. "आई, बाबांना पाठवशील?"

मला वाटलं, वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. पण आलं होतं.

"रागावू नकोस ना," ती रडवेली झाली. "तू आलीस की तुझी घालमेल मला बघवत नाही. मग मी तुलाच धीर देत बसते. आज मला नाही जमणार गं. बाबा नुसते बाजूला बसतात."

मी तिला जन्म दिला. तिच्या तापात रात्र रात्र डोळ्याला डोळा लागला नव्हता माझ्या. आणि ऐन वेळी हिला कोण हवं, तर नुसता बाजूला बसणारा! इतका राग आला, इतकं वाईट वाटलं! तिकडे तिने दुसरी कळ सोसली.

"पाठवते," मी म्हटलं.

शेडमध्ये येऊन ह्यांना सांगितलं, "उठा. तुम्हीच जा. मला एवढ्याशा विमानात बसायची भीती वाटते."

"तुला? भीती?" ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अगं, पण मघाशी तर तू..."

"मघाशीचं मघाशी! उठा म्हणते ना."

विमानापर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा सुरूच. "गेल्या गेल्या डॉक्टरांना भेटा. तिच्या कमरेवरून हात फिरवा, पण जोरात नको. आणि तिला सारखं विचारा, की..." मी थांबले. हे दारात वाकून ऐकत होते.

"काय विचारू?"

"काही नाही. तुम्ही नुसते बसा तिच्याजवळ."

विमान वाळू उडवत गेलं. दिसेनासं झालं तशी मी कुंपणापाशी जाऊन मुलीला फोन लावला. सांगायच्या शंभर गोष्टी जिभेवर होत्या.

"बाबा निघाले गं," एवढंच म्हणाले.

"बरं झालं, आई," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज शांत होता.

तिने फोन ठेवल्यावर मी कुंपणाची तार धरली आणि त्या काटेवाल्यासमोर ढसाढसा रडले.