उन्हाचा काटा

मी थापा मारते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त एका माणसाला नव्हतं. ते माणूस आठ वर्षांचं होतं, वजनाला भरल्या बादलीइतकं, आणि घरात त्याला ठिपकी म्हणायचे. माझ्या मुलाची मुलगी.

आम्हाला या गावात येऊन चार महिने झाले होते. मुलगा आणि सूनबाई सकाळी डबे घेऊन बाहेर पडायचे ते दिवेलागणीला परत. मधला दिवस ठिपकीचा आणि माझा. घरी ती माझ्याशी चार शब्द तरी बोलायची. नव्या शाळेत मात्र तोंडात पाण्याची चूळ धरल्यासारखी बसायची, जणू ओठ उघडले तर सगळं सांडेल. हजेरीला नुसता हात वर. तहान लागली की बोट बाटलीकडे. चार महिन्यांत वर्गातल्या एकाही पोराला तिचा आवाज कसा आहे ते माहीत नव्हतं.

तिच्या वर्गात एक रीत होती. दर सोमवारी बाई प्रत्येक मुलाला एक शब्द द्यायच्या, असा शब्द की ज्याचे एकाहून जास्त अर्थ होतात. खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधलेली. तिला शब्दाचं कार्ड अडकवायचं आणि त्याखाली एकेका अर्थाची कागदाची पट्टी लावायची. कुणाचं ‘पान’, कुणाची ‘नाव’, कुणाची ‘पाठ’. वारा आला की सगळे अर्थ एकमेकांना लागून फडफडायचे. मला तर खिडकीतून बघताना वाटायचं, एखाद्या रात्री ही दोरी तुटणार आणि सगळे शब्द थव्याने उडून जाणार, आणि दुसऱ्या दिवशी गावात कुणाला काही बोलताच येणार नाही.

ठिपकीच्या वाट्याला आला ‘काटा’.

सोमवारी दुपारी शाळेतून आली आणि जमिनीवर पालथी पडून लिहायला लागली. कुंपणाचा काटा. घड्याळाचा काटा. वाण्याकडचा वजनाचा काटा. माशातला काटा. भीती वाटली की अंगावर येतो तो काटा.

मी म्हटलं, “बघ, शब्द म्हणजे मांजर असतं. पाच घरी दूध पितं आणि प्रत्येक घराला वाटतं, आपलंच आहे.”

ती हसली नाही. “आजी, हे सगळ्यांनाच माहीत असतात. मला एक असा हवाय, जो कुणालाच माहीत नाही.”

आता तुम्हीच सांगा, असं कुणी माझ्यासमोर बोलावं का? म्हणजे मांजरीसमोर सायीचं पातेलं ठेवायचं आणि झाकण शोधायला जायचं.

मागचं दार लोटलेलं होतं. दोन फळ्यांच्या फटीतून उन्हाची एक बारीक पिवळी रेघ आत येऊन फरशीवर पडली होती. त्या रेघेत धुळीचे कण वर-खाली चालले होते, कुठलीच घाई नसल्यासारखे.

“याला पण काटाच म्हणतात,” मी म्हटलं.

“कशाला?”

“ह्या उन्हाच्या रेघेला. माझ्या आजोळी घड्याळच नव्हतं. अख्ख्या गावात एक नाही. प्रत्येक घरात ही रेघ पडायची आणि तिच्यावरच सगळं चालायचं. काटा खाटेच्या पायाला लागला की उठायचं. चुलीपाशी आला की जेवायचं. भिंतीवर चढला की पोरं खेळायला सुटायची. एकदा काय झालं, काटा अडकला.”

“कुठे?”

“उंबऱ्यात. फळीचं कुसळ निघालं होतं, त्यात अडकला. अकरा दिवस गावात सकाळचे दहाच वाजले होते. दूध तापत ठेवलेलं, ते वर यायलाच तयार नाही. एक पाहुणा ‘निघतो आता’ म्हणून उठला तो अकरा दिवस दारातच उभा. म्हाताऱ्या माणसांची एका दिवसानेही वयं वाढली नाहीत. शेवटी माझ्या पणजीने खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, तेव्हा सुटला.”

ठिपकी हनुवटी फरशीला टेकवून त्या रेघेकडे बघत राहिली. रेघ तिच्या नाकावरून अलगद सरकत गेली. घर इतकं शांत होतं की मलाही वाटायला लागलं, खरंच होतं की काय असं गाव.

थाप मारताना समोरच्याच्या हातात पेन्सिल आहे का, ते आधी बघावं. मी बघितलं नाही. तिने सहावी पट्टी लिहून टाकली होती.

बुधवारी शाळा सुटल्यावर बाईंनी मला फाटकापाशीच गाठलं. चेहरा नुसता फुललेला.

“आजी, आज ती बोलली.”

“काय सांगता? कोणाशी?”

“सगळ्या वर्गाशी. उभी राहून. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, उन्हाचा काटा असं काही नसतंच. तर ही उठली आणि म्हणाली, माझी आजी खोटं बोलत नाही. एवढा खणखणीत आवाज आहे हो तिचा, मला कल्पनाच नव्हती.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. चार महिने धरून ठेवलेली चूळ पोरीने सोडली, आणि सोडली ती कशावर? माझ्या खरेपणावर. मी आयुष्यात ज्या गोष्टीचा कुणाला हवाला दिला नाही, त्या गोष्टीवर.

“आमचा नियम माहितीये ना?” बाई म्हणाल्या. “अर्थाला तीन घरांची साक्ष लागते. चित्र दाखवायचं, तोंड मिटायचं आणि समोरचा काय म्हणतो ते लिहून घ्यायचं. शब्द आपण सुचवायचा नाही. तिचे पाच अर्थ झाले. हा सहावा राहिलाय. तुमचं घर धरायचं नाही हं. शनिवारी ती सगळ्यांसमोर वाचणार आहे. तुम्ही पण या.”

मी मान हलवली. शनिवारी पोर तोंडघशी पडली, तर पुन्हा ओठ मिटणार आणि या वेळी किती महिने ते कोण जाणे. तेव्हाच बाईंना खरं सांगायला हवं होतं. पण खरं बोलायचा सराव नसला की ऐन वेळी जीभ वळत नाही.

गुरुवारी ठिपकी शाळेत असतानाच मी साक्षीदार गोळा करायला निघाले. दुपारची गल्ली झोपलेली होती. दुकानांच्या सावल्या इतक्या आखूड की त्यांच्यात मांजरालाही पाय दुमडून बसावं लागत होतं. कोपऱ्यावरच्या शिवणबाईंनी तोंडातल्या टाचण्या न काढताच माझं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे खोटं बोलायचं,” त्या म्हणाल्या.

“खोटं कसलं? एक शब्द बोलायचा.”

“काकू, तुमचा परकर गेल्या महिन्यात दोनदा उसवून दिला मी. ‘जाड झाले नाही, कापड आटलं’ असं म्हणाला होतात. तेव्हापासून तुमचं ऐकायचं नाही ठरवलं होतं.” मग टाचण्यांमधूनच हसल्या. “पोरीसाठी म्हणून बोलते.”

इस्त्रीवाला तर ऐकायच्या आधीच तयार. “आजी, तुम्ही म्हणाल तर त्याला हत्ती म्हणतो.”

तिसरे घड्याळजी. त्यांच्या दुकानात भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळीच वेळ. तिथे उभं राहिलं की वाटतं, एकाच खोलीत पहाटही आहे, संध्याकाळही आहे, आणि आपण नेमके कधीचे आहोत हे कुणी सांगेपर्यंत थांबावं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही.

“नाही जमायचं,” ते म्हणाले.

“अहो भाऊ, एक शब्द.”

“दुसरा कुठलाही सांगा. चमच्याबद्दल खोटं बोलतो, चपलेबद्दल बोलतो. काट्याबद्दल खोटं बोललो, तर उद्या माझ्याकडे घड्याळ कोण देईल?”

“मग पोर आली तर निदान गप्प बसा.”

“गप्पही नाही बसणार. विचारलं तर सांगेन.”

असा माणूस. मी ठरवून टाकलं, त्यांच्या दुकानावरून जायचंच नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी निघालो. ठिपकीने चित्र काढलं होतं: तपकिरी दार, करडी फरशी, आणि त्यावर पिवळी रेघ. रेघ इतकी घासून रंगवली होती की कागद तिथे पातळ झाला होता.

शिवणबाईंनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. “हा होय? हा काटा. उन्हाचा.” फार छान बोलल्या. ठिपकीने वहीत लिहिलं. तिचे कान लाल झाले होते आनंदाने.

“आता इस्त्रीवाल्याकडे,” मी म्हटलं.

“नाही, आधी घड्याळजी. त्यांचं कामच काट्याचं आहे, त्यांना नक्की माहीत असेल.”

“त्यांना आज बरं नाहीये. काल म्हणत होते, छातीत टिकटिक होतेय.”

पण ती पायरी चढलीसुद्धा. घड्याळजींनी भिंग वर सरकवलं, चित्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“कवडसा,” ते म्हणाले. “फटीतून किंवा भोकातून ऊन आत येतं ना, त्याला कवडसा म्हणतात, बाळ.”

ठिपकीने तेही लिहिलं. ‘क-व-ड-सा’. बाहेर आल्यावर म्हणाली, “हा पण चांगला आहे ना, आजी?” मी म्हटलं, बरा आहे.

इस्त्रीवाल्याच्या टपरीवर वाफेचा ढग होता. ढगातून त्याचं तोंड बाहेर आलं. ठिपकीने दप्तराचा बंद सोडायला नुसता हात घातला होता. चित्र अजून आतच होतं.

“काटा,” तो म्हणाला. “त्याला काटाच म्हणतात, पोरी. आमच्याकडे तर आजोबांपासून काटाच म्हणतात. दुसरं काही म्हणतच नाहीत.”

ठिपकीचा हात दप्तरात तसाच राहिला.

“कशाला?” तिने विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. “ते... आजी, कशाला म्हणायचं होतं?”

वाफ हळूहळू वर गेली आणि आम्ही तिघंही स्पष्ट दिसायला लागलो. ठिपकीने बंद पुन्हा लावला, वही मिटली आणि घराकडे वळली. मी मागोमाग. अर्धी गल्ली ती बोलली नाही. मला वाटलं, झालं, मिटले ओठ. आणि या वेळी माझ्यासाठीसुद्धा.

मग पाण्याच्या नळापाशी थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आजी, तू आधी येऊन गेलीस ना?”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. चांगलं लांबलचक होतं. त्यात इस्त्रीवाल्याची मनातलं ओळखणारी आत्या होती, एक बोलकी खार होती. मी तोंड उघडलं, आणि नळाचं पाणी टपटप पडत राहिलं, आणि ती वाट बघत राहिली.

“आले होते,” मी म्हटलं. “शिवणबाईंकडे पण.”

“आणि ते गाव?”

“तसं गाव नव्हतं. आजोळी भिंतीवर घड्याळ होतं. जरा पुढे जायचं, एवढंच. उन्हाच्या रेघेला काटा म्हणतात हे मीच त्या दिवशी ठरवलं.”

“का?”

“तुला कुणालाच माहीत नसलेला हवा होता म्हणून. आणि मला राहवत नाही म्हणून.”

तिने नळ घट्ट बंद केला. रात्री जेवताना सूनबाईने विचारलं, आज दोघी अशा का. आम्ही दोघींनी आपापल्या ताटात बघितलं.

शनिवारी सकाळी मी वर्गात मागे जाऊन बसले. ती बाकं पोरांच्या मापाची, माझे गुडघे हनुवटीला लागत होते. दोरीवरच्या पट्ट्या वाऱ्याने सावकाश हलत होत्या आणि मला सारखं वाटत होतं, आपण पाण्याखाली बसलोय, वरून कुणीतरी आपलं नाव घेतंय आणि ऐकू येत नाहीये. बाईंनी तीनदा सांगितलं, आजी, पाय मोकळे करा. मग ठिपकीचा नंबर आला.

ती ‘काटा’ या कार्डाखाली जाऊन उभी राहिली. पाच पट्ट्या वाचल्या, प्रत्येकीची तीन-तीन घरं सांगितली. सहाव्या पट्टीपाशी थांबली. मागच्या बाकावरचा तो मुलगा पुढे वाकला.

थांबली ती थांबलीच. बाईंनी पुढे पाऊल टाकलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

“हा अर्थ नाहीये,” ठिपकीचा आवाज आला. “मी तीन घरी विचारलं. दोन घरं आजीने आधीच पढवून ठेवली होती, म्हणून ती धरायची नाहीत. तिसरे घड्याळजी म्हणाले, कवडसा.” तिने पट्टी दोरीवरून काढली आणि चार घड्या केल्या. “आणि मी बुधवारी म्हटलं होतं, माझी आजी खोटं बोलत नाही. ते चुकलं. ती बोलते. खूप बोलते. पण मी विचारलं तेव्हा तिने खरं सांगितलं.”

तीस तोंडं एकदम मागे वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने हळूच विचारलं, “आजी, म्हणजे नक्की काय काय खोटं बोलता तुम्ही?”

“ते तिला विचार,” मी म्हटलं.

आणि त्याने विचारलं. मग त्याच्या शेजारणीने. मग सगळ्यांनी. ठिपकी उभ्या उभ्या सांगत सुटली: अडकलेली रेघ, अकरा दिवस दारात उभा राहिलेला पाहुणा, वर न येणारं दूध. पाहुण्याच्या हातात छत्री होती, आणि ती तो उघडत-मिटत होता, हे तर मी सांगितलंच नव्हतं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि तिला बोलू दिलं.

घरी जाताना वाटेवर ऊन पसरलं होतं. ती माझं बोट धरून बोलत होती. वर्गातली कोण कशी, कुणाच्या डब्यात काय, कुणाला कुठला शब्द मिळाला, उद्या ती कुणाकडे खेळायला जाणार. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. सगळ्या वाटेत मला एक साधी थाप मारायलाही तिने जागा ठेवली नाही.