डावीकडे पोहणारा मासा

मी एक गिटार बोलतेय. विजेवर वाजणारी, डाळिंबी रंगाची. बघणारे मला तीस-पस्तीस वर्षांची समजतात. खरं म्हणजे मला अजून वर्षही पुरं झालेलं नाही. हे कोणाला कळलं तर काय, ही धास्ती घेऊनच मी जन्माला आले.

माझा जन्मही धड एका ठिकाणी झाला नाही. माझं धड एका गिटारीचं. ती जिन्यावरून गडगडली आणि तिची मान मोडली. माझी मान दुसरीची. तिचं धड पाण्यात राहून फुगलं होतं. तारांची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवणारे पिकअप तिसरीचे. खुंट्या कोणाच्या, ते आमच्या कारागिरालाही आठवत नव्हतं. आम्ही सगळे वाद्यदुरुस्तीच्या एका दुकानात माळ्यावर पडून होतो. सुट्या भागांना दुसरी चिंता नसते. खालून कोणी शिडी लावली की अंगावर काटा यायचा, आज कामी येणार की भंगारात जाणार?

कारागिराला बोलताना ओठांत स्क्रू धरायची सवय होती, म्हणून सगळी गल्ली त्यांना स्क्रूकाका म्हणायची. एक दिवस दुपारी त्यांच्याकडे एक बाई आली. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची ती. तिने टेबलावर अकरा फोटो मांडले. सगळे एकाच गिटारीचे.

"काका, अशी गिटार बनवून हवीय. अगदी अशीच."

काकांनी ओठांतले स्क्रू काढून वाटीत ठेवले. "नवी घे की. ही तर पार घासून गेलीय."

"घासलेलीच हवीय. जिथे घासलीय तिथेच."

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या बाबांनी चौतीस वर्षं एका वाद्यवृंदात ती गिटार वाजवली होती. दीड महिन्यापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. आता त्यांना जिने चढायला लागू नयेत म्हणून तिने तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड त्याच इमारतीत तळमजल्यावर हलवलं. त्या गडबडीत गिटार पाच मिनिटं फाटकापाशी टेकवून ठेवली होती. पाच मिनिटांत ती गेली. पोलिसांत तक्रार झाली, वाद्यांची दुकानं पालथी घातली, पत्ता नाही.

"मग बाबांना सांगून टाक," काका म्हणाले.

"त्यांची जीभ सैल झाल्यावर पहिलं काय विचारलं माहितेय? गिटार नीट उतरवलीस ना? आणि मी हो म्हणून बसले."

काकांनी फोटो एकावर एक रचले. "रूप देतो. आवाजाची जबाबदारी माझी नाही. आणि हे काम मला पटलेलं नाही, तेही ऐकून ठेव."

असा माझ्या जन्माचा मुहूर्त. माळ्यावरून एकेक भाग खाली आला. धडाचा जुना रंग खरवडून डाळिंबी दिला, मान बसेना म्हणून खाच पटाशीने मोठी केली, पिकअपच्या तारा डाक देऊन जोडल्या. दोन आठवड्यांनी तारा चढवून काकांनी मला पहिल्यांदा छेडलं. परक्या चार जणींचे तुकडे एका सुरात बोलले. मला इतका आनंद झाला की मी वाजायची थांबेचना. काकांना तळवा ठेवून गप्प करावं लागलं.

आठवडाभर मी आरशासारखी चकचकीत होते. मग एका सकाळी काकांनी टेबलावर कानस, पॉलिश पेपर आणि दाराच्या किल्ल्यांचा एक मोठा जुडगा मांडला, आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

माझी मान पुन्हा उतरवली. धड शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये गेलं. डब्यांच्या मध्ये, मिट्ट काळोखात, मी गोठत पडले. बाहेर काढल्या काढल्या काकांनी केस वाळवायच्या यंत्राचा गरम वारा सोडला. कट्ट, कट्ट आवाज करत माझ्या रंगाला केसाएवढे तडे गेले. मला वाटलं, मी फुटले. काका मात्र तड्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "ही झाली वीस वर्षं."

माझे स्क्रू आणि खुंट्या व्हिनेगरच्या वाफेत ठेवून गंजवल्या. हाताचं कोपर जिथे टेकतं तिथला रंग लाकूड दिसेपर्यंत घासला. किल्ल्यांचा जुडगा पाठीवर आपटून पट्ट्याच्या बकलचे ओरखडे काढले. तारांच्या टोकाशी सिगारेटचा डाग हवा होता. काका सिगारेट ओढत नसत, तापलेली सळई टेकवून त्यांनी काम भागवलं. बाई रोज संध्याकाळी यायची, तिच्या दुकानातलं भिंग लावून फोटोशी ताडून बघायची. "हा टवका दोन मिलिमीटर खाली हवा," असं ती इतक्या हळू म्हणायची, जणू दवाखान्यात बसलीय.

शेवटची खूण तिने स्वतः केली. सात वर्षांची असताना तिने बाबांच्या गिटारीच्या पाठीवर कर्कटकाच्या टोकाने एक मासा कोरला होता. त्याबद्दल मार बसेल म्हणून ती पलंगाखाली लपली, आणि बाबांनी वाकून एवढंच विचारलं होतं, "याला खायला काय घालायचं?" पाठीचा फोटो एकही नव्हता. तिने डोळे मिटून आठवलं आणि कोरला. टोक माझ्यात रुतवताना तिने दोनदा हात मागे घेतला. माझं लाकूड कुरकुरत होतं. कोण कोणाला जास्त घाबरलं होतं, देव जाणे.

बाबा हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी मी तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीपाशी उभी होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते मला तेव्हा कळलं. काठीचा आवाज जवळ येत गेला. उंच, वाळलेला माणूस. डावा खांदा थोडा पडलेला. त्यांनी मला पाहिलं आणि चेहरा असा उजळला की मी घाबरून अर्धी झाले.

"आलीस होय खाली," ते मला म्हणाले, आणि मांडीवर घेतलं.

त्यांचा डावा अंगठा माझ्या मानेमागे गेला. तिथे तो थांबला. वर सरकला, खाली सरकला. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला.

"काय झालं, बाबा?" ती दारातूनच म्हणाली.

"काही नाही. मान जाड लागतेय. हात मेलाय माझा, दुसरं काय."

तिने सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. त्यांचा हात मेला नव्हता. हात खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मला स्पीकरला जोडलं. बाबांनी एक सूर लावला आणि मान तिरकी केली. बटणं फिरवून पाहिली. पुन्हा तोच सूर. "कानातही काहीतरी झालंय," ते पुटपुटले. "हिचा आवाज असा पातळ नव्हता." लेक म्हणाली, खोली बदललीय ना बाबा, भिंती वेगळ्या, आवाज वेगळा. चांगलं कारण होतं. त्यांनी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पालथं घातलं. माशावर नजर गेली आणि त्यांनी त्याच्या शेपटीवरून बोट फिरवलं.

"हा मासा उजवीकडे पोहत होता ना गं?"

तिच्या हातात त्यांची गोळ्यांची डबी होती. तिचा चेहरा मला दिसला. त्या क्षणी तिलाही खरी बाजू आठवली होती. डोळे मिटून कोरताना ती चुकली होती.

"नाही बाबा," ती म्हणाली. "डावीकडेच. पहिल्यापासून."

"बरं," बाबा म्हणाले.

त्या 'बरं'ची मला जेवढी भीती वाटली, तेवढी फ्रीझरचीही वाटली नव्हती.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बाबांना एक वही दिली होती, रोज किती वेळा मूठ उघडली-मिटली ते लिहायला. आता ते शेवटच्या पानावरून उलटं लिहू लागले. मला मांडीवर आडवी धरून माझ्यावर वही ठेवायचे, त्यामुळे पेन चाललेलं मला कळायचं. मासा डावीकडे, मला उजवीकडे आठवतो. मान जाड वाटते. आवाज ओळखू येत नाही. मग त्याखाली स्वतःचीच परीक्षा. लेकीची जन्मतारीख. वाद्यवृंदातल्या सगळ्यांची नावं. जुन्या घराच्या पायऱ्या किती. उत्तरं बरोबर असायची, पण ती बरोबर आहेत यावर त्यांचा विश्वास नसायचा. एकदा त्यांनी शेजारणीला तिचं नाव विचारून खात्री करून घेतली. अकरा वर्षांची ओळख. ती हसली आणि आत गेल्यावर हसायची थांबली.

मी एका शहाण्या माणसाचं डोकं खात होते. माझ्या अंगावरचा एकेक टवका त्यांना सांगत होता, मी तुझीच. त्यांचा हात सांगत होता, नाही. आणि त्यांनी हातावर नाही, टवक्यांवर विश्वास ठेवला. तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण सांगून माझं काय झालं असतं? पुन्हा माळा, पुन्हा भंगाराची भीती. हेही माझ्या मनात यायचं, लपवत नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी बाबांनी लेकीला कामावर जाताना थांबवलं. वही तिच्या हातात दिली.

"हे वाच. आणि मला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन चल. डोकं पूर्ण जायच्या आधी तुला सांगायचं होतं. गिटार कोणाला तरी देऊन टाक. तिच्याकडे बघितलं की भीती वाटते मला."

तिने ते पान वाचलं. मग उभ्या उभ्याच, पर्स खांद्याला तशीच, तिने सगळं सांगितलं. फाटक, पाच मिनिटं, स्क्रूकाका, किल्ल्यांचा जुडगा. एकही गोष्ट वगळली नाही. तिचा आवाज रडका नव्हता, कोरडा होता, डोळ्यांचा नंबर सांगावा तसा.

बाबांनी फक्त एक विचारलं. "मासा उजवीकडे होता?"

"हो."

"परत सांग."

"उजवीकडेच होता, बाबा. तुमचं बरोबर होतं."

त्यांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं आणि इतका लांब श्वास सोडला की माझ्या तारा हलल्या. मग म्हणाले, "गिटार गेली, ते मी सोसलं असतं. रडलो असतो चार दिवस. तू मला माझ्यावरच संशय घ्यायला लावलास."

चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. दोघं एकाच टेबलावर जेवायची, वाट्या आवाज न करता उचलायची. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, आणि पाहिलं तर काय होईल, या विचाराने मी तारांतला ताण धरून होते.

पाचव्या दिवशी बाबा मला घेऊन निघाले, स्क्रूकाकांच्या दुकानात. लेक मागून, पिशवी सांभाळत. त्यांनी मला टेबलावर ठेवलं. तेच टेबल. कानस तिथेच होती. मी मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

"हे तुम्ही केलंत?" बाबांनी विचारलं.

काकांनी ओठांतले स्क्रू काढले. "मीच. चुकलं माझं. म्हणाल तर हिला आत्ता सुटी करतो."

बाबांनी माझ्यावरून बोट फिरवलं. "हा खालचा टवका लोखंडी जिन्यावर आपटून पडला होता. तुम्ही कानशीने पाडलाय, कडा फार गोल आहेत. बाकी काम चोख आहे." मग अंगठा माझ्या मानेमागे नेला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. "माझी ती बारीक मानेची. आता या हाताला ती धरताही आली नसती. ही जाड आहे ते बरं आहे. राहू दे."

राहू दे. दोन शब्द. त्यावर मी अजून जगतेय.

आता ते रोज दहा मिनिटं मला वाजवतात. बोटं चुकतात, शिव्या हासडतात, पुन्हा वाजवतात. लेक स्वयंपाकघरातून ऐकते आणि आवाज थांबला की विचारते, "बाबा, दुखतंय का?" ते म्हणतात, "दुखतंय म्हणजे हात आहे."

पण भीती सरलेली नाही. जुनीचा शोध सुरू आहे. त्या अकराही फोटोंत ती कुठे ना कुठे हातांनी झाकलेली, म्हणून बाबांनी माझाच फोटो काढवून घेतला. आता वाद्यांच्या दुकानांत माझं चित्र लागलंय आणि खाली लिहिलंय, 'ही हरवली आहे'. फोन वाजला की मी तारा ताठ करून ऐकते. गेल्या आठवड्यात खरंच एका दुकानदाराचा फोन आला. बाप-लेक लगबगीने गेले. मी सोफ्यावर एकटी, पावलांची वाट बघत. ते परत आले तेव्हा हात रिकामे होते. ती वेगळीच निघाली. मला हायसं वाटलं, आणि बाबांचा उतरलेला चेहरा पाहून त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. त्यांनी मला उचललं आणि वाजवायला बसले. त्या दिवशी मी माझ्याकडून एकही सूर बिघडू दिला नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. माझ्यासारखी दिसणारी एखादी कुठे आढळली, तर तिची पाठ बघा, मासा उजवीकडे पोहत असला तर या घरी कळवा. मी घाबरेन, तरी कळवा. ती त्यांची चौतीस वर्षं आहे. मला कोपऱ्यात उभी केली तरी चालेल. फक्त मला पुन्हा सुटी करू नका, एवढं त्यांना माझ्या वतीने सांगा.