विहिरीत उतरलेली बाज

मी एक जुनी बाज आहे, बाभळीच्या लाकडाची. तुम्ही पाहिलेल्या बाजांवर आजोबा दुपारी लवंडत असतील, पाहुणे चहा पीत असतील, उन्हाळ्यात कुरडया वाळत असतील. माझ्यावर बिबट्याची मादी बसून गेली आहे. खरीखुरी, ओलीचिंब, धापा टाकणारी मादी. तिची नखं माझ्या दांड्यात रुतली, त्या खुणा अजून तशाच आहेत. त्या कुणी बोटानं चाचपून पाहिल्या की मला अजूनही शहारा येतो. मित्रांनो, हे कसं घडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पण आधी मी कुठली कोण, ते ऐका.

सोनईजवळच्या एका वस्तीवर रंगुबाई नावाची शेतकरीण राहते. तिच्या बांधावरची बाभूळ एका वादळात आडवी झाली. घरच्यांनी तिचं सरपण करायचं ठरवलं होतं. रंगुबाईनं मात्र गावातल्या बन्सी सुताराला बोलावून आणलं. बन्सीनं खोडावर हात फिरवला आणि म्हणाला, "ह्याचे पाय केले तर हत्ती बसला तरी मोडायचे न्हाईत." तो आपल्या कामाविषयी नेहमीच असं बोलायचा. हत्ती काही कधी आला नाही. पण त्याचं बोलणं अगदीच फुकट गेलं नाही, हे तुम्हाला पुढे कळेल.

बन्सीनं मला चार जाडजूड पाय दिले, चार गुळगुळीत दांडे दिले. रंगुबाईच्या सासऱ्यांनी अंगणात बसून काथ्याच्या दोरीनं मला घट्ट विणलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्या अंगणाची शान होते. रंगुबाईचा मुलगा गोरक्ष माझ्यावरच लोळत मोठा झाला. लग्नाची बोलणी माझ्यावर बसून झाली, शेवया माझ्यावर वाळल्या, वीज गेली की अख्खं घर माझ्यावर येऊन गप्पा मारत बसायचं. "बाज लई भारी हाय," असं कुणी म्हटलं की रंगुबाई लगेच बांधावरच्या बाभळीची गोष्ट सुरू करायची.

मग घरात गादीचा पलंग आला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. मला भिंतीला उभं टेकवून ठेवलं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. रंगुबाईची लाडकी शेळी कवडी येता-जाता माझी दोरी चघळायची. मला तिचा राग यायचा, पण सोबत तेवढी तिचीच होती.

एका पहाटे बिबट्या गोठ्यात शिरला आणि कवडीला घेऊन गेला. मी तिथेच होते, मित्रांनो. अंधारात फक्त एक हिसका ऐकू आला, मग दाव्याचा तुटका तुकडा तेवढा खुंटीला लोंबत राहिला. सकाळी रंगुबाई तो तुकडा हातात घेऊन माझ्याशेजारी बसली. रडली नाही. गोरक्षला म्हणाली, "पुन्हा आला ना त्यो, तर म्या स्वतः कोयता घेऊन उभी ऱ्हानार."

ऊसतोड सुरू झाली होती. उसाचे फड एकेक करून मोकळे होत होते आणि त्यात दडून राहणारे बिबटे जागा शोधत फिरत होते. त्यानंतर काही आठवड्यांनी, एका सकाळी, रंगुबाईच्या विहिरीवर गलका झाला. कुत्र्याच्या मागे धावताना बिबट्याची एक मादी विहिरीत पडली होती.

मला गोठ्यात नुसता आवाज येत होता; काय घडलं ते नंतर रंगुबाईनंच मला सांगितलं. त्या विहिरीला कठडा नव्हता. पाणी खोल होतं. मादी मोटारीच्या पाइपला पुढच्या पायांनी मिठी मारून लटकली होती. घसरायची, पाण्यात जायची, पुन्हा पोहत येऊन पाइपला धरायची. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं जमली, मोबाईल बाहेर निघाले. कुणीतरी मातीचं ढेकूळ आत मारलं. एकजण म्हणाला, "बुडू द्या. उद्या कुनाचं लेकरू उचलंल." त्याला कुणी खोडून काढलं नाही, रंगुबाईनंही नाही.

गोरक्षनं मात्र वनखात्याला फोन लावला होता. थोड्या वेळानं जीप आली. वनरक्षकांबरोबर दोघं होती. एक डॉक्टर यामिनी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वन्यप्राण्यांच्या दवाखान्यातल्या. दुसरा केदार. सोनईच्या बाजारपेठेत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दवाखान्यातून फोन आला की तो शटर ओढून निघतो. त्याला ह्या कामाचा पगार नाही. तो स्वयंसेवक आहे, म्हणजे आपणहून येणारा.

केदार विहिरीच्या काठावर पालथा पडून आत पाहू लागला. "दमलीय," तो डॉक्टरांना म्हणाला. "पिंजरा यायला वेळ लागेल. तोवर ती टिकणार नाही."

डॉक्टर यामिनी लोकांकडे वळल्या. "तिला बसायला काहीतरी आत सोडायला पाहिजे. कुणाकडे बाज आहे का?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. अनेकांकडे बाज होती, हे मला ठाऊक आहे.

रंगुबाई पुढे झाली. "आमची हाय," ती म्हणाली. "पर बाई, हिनं माझी शेळी खाल्लीय."

"खाल्ली असेल, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "मी नाही म्हणत नाही."

बहुधा रंगुबाईला वाद घालायचा होता आणि समोरून वादच आला नाही. तिनं विहिरीत डोकावून पाहिलं. त्याच क्षणी मादीचे पंजे पाइपवरून सुटले. ती पाण्याखाली गेली, वर आली आणि काठावरच्या माणसांकडे तिनं मान उचलून पाहिलं. रंगुबाई तशीच मागे फिरली, गोठ्यात आली आणि तिनं मला एकटीनं ओढत बाहेर काढलं. कोंबड्या फडफडत पळाल्या. "घ्या," तिनं केदारला सांगितलं. "पन गाठी नीट मारा. दोरी जुनी हाय."

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीला टेकून पडलेल्या बाजेला एकाएकी चार दोर बांधून अधांतरी लटकवलं तर तिला काय वाटेल? माझं अंग अंग कुरकुरत होतं. वर माणसांची डोकी लहान लहान होत गेली, भिंतीवरचं शेवाळ माझ्या बाजूनं सरकत वर गेलं, गार हवा लागली. मी गरगर फिरू लागले. "डावीकडचा दोर सोडा, हळू, अजून हळू," केदार वरून सांगत होता. मग पाणी माझ्या पायांना लागलं, आणि हातभर अंतरावर ती होती.

तिनं मला पाहून दात विचकले आणि घाबरून पाइप सोडून दिला. ती बुडाली. वरचा सगळा आवाज एकदम थांबला. पाणी नुसतं हलत राहिलं. मला वाटलं, संपलं. माझ्यामुळेच संपलं.

आणि मग तिचं डोकं माझ्या अगदी शेजारी वर आलं. तिनं एक पंजा माझ्या दांड्यावर टाकला. नखं लाकडात शिरली. दुसरा पंजा. तिच्या वजनानं मी एका बाजूला कलले, वरच्या माणसांनी दोर ताणले. काथ्याची दोरी दोन ठिकाणी फटाफट तुटली. मी मनात बन्सी सुताराचं नाव घेतलं आणि चारही पाय ताठ धरले. ती चढली! अख्खी चढली, मधोमध बसली आणि नुसती धापा टाकत राहिली. तिचं काळीज माझ्या विणीवर धडधडत होतं. अंगणातल्या इतक्या वर्षांत मला कधी इतकं जिवंत वाटलं नव्हतं.

पिंजरा आला तेव्हा सूर्य बराच वर आला होता. क्रेनला बांधून तो आत सोडला, दार उघडं ठेवून माझ्याजवळ आणला. पण वर पुन्हा गलका सुरू झाला होता. शिट्ट्या, हाका, "आता जाती बघ, आता जाती." ती माझ्यावर आणखी अंग चोरून बसली आणि गुरगुरू लागली. ती पुन्हा पाण्यात उडी मारेल की काय, अशी भीती होती.

तेव्हा रंगुबाईचा आवाज आला. "गप ऱ्हावा सगळे. मागं सरा. तुमच्या कालव्यात तिला काय सुचंल?"

"मावशी, तुमीच म्हनत हुत्या ना कोयता घेऊन..." कुणीतरी म्हणालं.

"म्हनत हुते. आता मागं सर म्हनते."

माणसं मागे सरली. विहिरीच्या तोंडावर फक्त आकाश राहिलं. त्या शांततेत तिनं पिंजरा हुंगला, मान आत घातली आणि माझ्यावरून हलकेच उतरून आत गेली. दार पडलं. वर सगळीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला.

आधी पिंजरा वर गेला, मग मी. पाइपवर घसरून तिची नखं उखडली होती, छातीत पाणी गेलं होतं. तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं. निघताना केदारनं माझ्याकडे बोट दाखवलं. "मावशी, ही बाज आम्हाला द्याल का? असे फोन फार येतात."

"बाज न्या," रंगुबाई म्हणाली. "पन तिचं काय हुतं ते बघाया मी येनार."

मी जीपच्या टपावर बसून निघाले. वस्तीचा रस्ता, कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या, मोठा रस्ता, सगळं मी पहिल्यांदाच एवढ्या उंचीवरून पाहत होते.

आणि रंगुबाई खरंच आली. गोरक्षच्या मोटारसायकलवर मागे बसून आली, डब्यात भाकरी बांधून. मादीला पाहू द्या म्हणाली. डॉक्टर यामिनी म्हणाल्या, "तिच्याजवळ कुणालाच जाता येत नाही, मावशी. माणसांची सवय लागली तर तिला परत सोडता येणार नाही." मग रंगुबाई अंगणात इकडे-तिकडे पाहत उभी राहिली. धुवायच्या फडक्यांचा ढीग पडला होता. तिनं पदर खोचला आणि नळाखाली बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. धुतलेली फडकी वाळत घालायला तिनं मला उन्हात ओढलं, माझ्या तुटलेल्या दोऱ्या पाहिल्या आणि पुढच्या वेळी काथ्याची नवी दोरी घेऊन आली.

ती आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी यायची. मग मधल्या दिवशीही येऊ लागली. दवाखान्यात काय काय होतं म्हणून सांगू! मांजात अडकलेली घार, गाडीनं उडवलेलं उदमांजर, नांगरटीत सापडलेली सशाची पिल्लं, झाडासकट खाली आलेलं घुबड. ड्रॉपरनं दूध पाजणं, पिंजरे धुणं, मांसाचे तुकडे करणं, सगळ्याला माणसं लागत. कुणी महाविद्यालयातून येई, कुणी बँकेतून सुट्टीच्या दिवशी. रंगुबाई त्यांच्यात मिसळून गेली. एकच नियम तिला फार जड जायचा. इथं प्राण्यांचे लाड करायचे नाहीत, त्यांच्याशी बोलायचं नाही. ती तर भाकरी थापतानाही तव्याशी बोलणारी बाई. सशाला दूध पाजताना "पी रं बाळा" तोंडापर्यंत यायचं आणि ती ओठ घट्ट मिटायची. मग बाहेर येऊन ते सगळं मला ऐकवायची.

मीही रिकामी नव्हते. तिसगावकडच्या एका विहिरीतून मी तरसाला वर आणलं. राजूरच्या डोंगरात दरीतून जखमी भेकर आणायला माणसांनी मला खांद्यावर घेतलं. सगळेच वाचले असं मी म्हणणार नाही. एका कोल्ह्यापर्यंत आम्ही पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. पण दुसऱ्या सकाळी फोन वाजला आणि केदार पुन्हा दोर गुंडाळू लागला.

मादीची नखं भरून आली. ती पिंजऱ्यात येरझारा घालू लागली, टाकलेलं मांस क्षणात संपवू लागली. एके दिवशी तिला सोडायचं ठरलं. वस्त्यांपासून दूर, डोंगरातल्या जंगलात. पिंजरा उचलून देणाऱ्यांत गोरक्ष होता. रंगुबाईलाही जीपमध्ये जागा मिळाली. मी टपावर होतेच.

दिवस मावळत होता. वनरक्षकांनी लांबून दोर ओढला, पिंजऱ्याचं दार वर गेलं. मादी बाहेर आली नाही. आम्ही वाट पाहिली. मग तिनं एक पाय बाहेर ठेवला, माती हुंगली, दुसरा ठेवला आणि मोकळ्यावर येऊन चक्क बसली. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. खाली खिडकीशी रंगुबाईनं पदराचा बोळा करून तोंडावर दाबून धरला होता. एकही शब्द बाहेर पडू नये म्हणून. मादी उठली, तिनं अंग ताणलं आणि दोन झेपांत करवंदीच्या जाळीत नाहीशी झाली.

रंगुबाईनं पदर खाली घेतला. "गेली," एवढंच म्हणाली. आणि मग घाट उतरून सोनईचे दिवे दिसेपर्यंत ती एकसारखी बोलत होती. मादी कशी बसली, कशी उठली, तिचे पाय कसे टेकले. केदार हसत म्हणाला, "मावशी, आम्ही पण तिथेच होतो." ती थांबली नाही.

"मग कवडीचा राग गेला का?" डॉक्टर यामिनींनी विचारलं.

"न्हाई," रंगुबाई म्हणाली. "शेळीचं दुःख हाय ते हाय. ही जगली त्याचा आनंद बी हाय. दोनी ऱ्हातं मानसाच्या पोटात."

आता तिच्या गोठ्याला पक्कं जाळीचं दार आहे आणि विहिरीला कमरेएवढा कठडा. दवाखान्यात येण्याआधी ती वाटेतल्या वस्त्यांवर थांबते आणि उघड्या विहिरी दिसल्या की मालकांना पिडते. काहींनी कठडे बांधलेही आहेत.

म्हणून मित्रांनो, माझंही तुमच्यापाशी मागणं आहे. तुमच्या शेतातली विहीर उघडी असेल तर घरच्यांच्या मागे लागा. एखादा प्राणी अडकलेला दिसला तर ढेकूळ मारू नका, ओरडू नका, लांब उभे राहा आणि मोठ्यांना वनखात्याला फोन करायला सांगा. आणि मोठे झालात की कधीतरी एखाद्या दवाखान्याच्या अंगणात येऊन विचारा, "काही काम आहे का?" काम असतंच.

माझी फार इच्छा आहे की एकही विहीर उघडी राहू नये आणि मी नुसती फडकी वाळवत उन्हात पडून राहावं. पण आत्ता केदार फोनवर बोलतोय, "कुठली वस्ती? पाणी किती आहे? आलोच." रंगुबाईनं माझ्यावरची फडकी गोळा करायला घेतली आहेत. ती पहा, जीप सुरू झाली. चला, मला जायला हवं!