सर असतील तिथे

त्या युनिटमध्ये सर्जरी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला गाठ मारायला शिकवण्याआधी एक वाक्य शिकवलं जायचं. रुग्णाच्या माणसांनी विचारलं की ऑपरेशन कोण करणार, तर म्हणायचं, "सर असतील तिथे." वाक्य सोळा आणे खरं. सर असायचेच, टेबलाच्या पलीकडे, हात छातीशी धरून. सुरी मात्र तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराच्या हातात असायची. विचारणाऱ्याला हवं ते ऐकू यायचं, आणि सांगणाऱ्याच्या पदरी खोटं पडायचं नाही.

थोरलीनं हे वाक्य पाच वर्षांत शेकडो वेळा म्हटलं होतं. घरी ती एकुलती एक. थोरली ती इथली, कारण शिकाऊ डॉक्टरांत सगळ्यात वरची तीच. पुढच्या महिन्यात फेलोशिपसाठी ती दुसऱ्या गावी जाणार होती, आणि त्याआधी हाताखालच्या पोरांना तयार करायचं तिनं मनावर घेतलं होतं. ते वाक्यही तिनंच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. त्यामुळे मंगळवारी सकाळी चार नंबरच्या कॉटपाशी तिच्या स्वतःच्या आईनं "उद्या कोण करणार गं?" असं विचारलं आणि मुंगीनं चेहऱ्यावरची रेषही न हलवता "सर असतील तिथे, काकू" म्हणून सांगितलं, तेव्हा रागवायला दुसरं कुणी नव्हतंच.

मुंगी म्हणजे तिसऱ्या वर्षाची एक एवढीशी मुलगी. टेबलाशी उभी राहताना तिला पायाखाली स्टूल लागायचं, आणि दिवसभर तिचं काही ना काही चालू असायचं, म्हणून ते नाव. तिच्या बॅगेच्या पट्ट्याला, कॉटच्या दांडीला, कँटीनच्या खुर्चीला दोऱ्याच्या गाठीच गाठी. युनिटच्या फळ्यावर 'पहिला हर्निया' या रकान्यात तिचं नाव दोनदा लागलं होतं आणि दोनदा हुकलं होतं. एकदा रुग्णालाच ताप भरला, आणि एकदा सरांना विमान गाठायचं होतं, म्हणून त्यांनी ते स्वतःच झटपट उरकलं. बुधवारी तिसरी खेप होती, आणि बुधवारचा हर्निया थोरलीच्या वडिलांचा होता.

वडिलांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकणारा स्टिअरिंगवर, हे शेजारी, आणि यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक. बंद पडलेल्या गाड्या ढकलून ढकलून जांघेत फुगवटा आला, तो दोन वर्षं घरात कुणाला दाखवला नाही. आता दुसरीकडे चला म्हटलं तर ऐकेनात. जिथे माझी मुलगी शिकली तिथेच मी पडणार, म्हणाले. हर्निया म्हणजे अगदी साधं ऑपरेशन, असं थोरली रोज दहा जणांना सांगायची. मंगळवारी तिला त्यात काय काय बिघडू शकतं त्याची यादी तोंडपाठ आठवायला लागली. दोऱ्याएवढी नस कापली जाऊ शकते, रक्तवाहिनी फाटू शकते, जाळी नीट बसली नाही तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. उद्याचं तुम्हीच करा, मुंगीला पुढचं देऊ, असं तिनं सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढला आणि तिचा पहिला हर्निया कुणाचा होता ते विचारलं. तिला लगेच आठवलं. छापखान्यात काम करणारा एक माणूस होता, नखांत शाई बसलेली. तो अजूनही ओपीडीत आला की मोठ्या सरांचा हात किती हलका आहे याचं कौतुक तिच्यापाशी करायचा, आणि ती मूग गिळून गप्प बसायची.

"फळ्यावरचं नाव मी पुसणार नाही," सर म्हणाले. "मास्तरांना विचार. ते नको म्हणाले तर मी करीन. पण ते वाक्य वापरायचं नाही. सरळ विचारायचं."

इथेच घोडं पेंड खात होतं. पाच वर्षांत तिनं हे कुणालाच सरळ विचारलं नव्हतं. दुपारभर तिच्या पायाला भिंगरी लागली. वॉर्डातून ओपीडीत, ओपीडीतून लॅबमध्ये, लॅबमधून काही काम नसताना पुन्हा वॉर्डात. दोनदा ती चार नंबरपाशी येऊन नुसती सलाईनची नळी नीट करून गेली. तिसऱ्यांदा मास्तरांनीच तिचा हात धरून तिला कॉटवर बसवलं आणि काय अडलंय ते बोल म्हणाले.

तिनं सांगितलं. मुंगीचं हे पहिलंच, असं सांगितलं. तुम्हाला नको वाटलं तर कुणाला वाईट वाटणार नाही, असंही म्हणाली, आणि हे मात्र धडधडीत खोटं होतं. मास्तर विचारात पडले. आपली मुलगी विचारतेय म्हणून ते हो म्हणणार नाहीत आणि मुंगी मुलगी आहे म्हणून नाहीही म्हणणार नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं.

"तुमचे सर मध्ये कसे पडतात?" त्यांनी विचारलं.

"काही बोलत नाहीत. तळहात उघडून पुढे करतात. मग हातात जे असेल ते द्यायचं."

"आणि परत देतात?"

"देतात. बहुतेक वेळा."

"मग करू दे तिला," मास्तर म्हणाले. "पण तू आत यायचं नाहीस. शिकाऊ माणूस गाडी ठोकतो तो समोरच्या ट्रकमुळे नाही. मागच्या सीटवर त्याची आई बसलेली असते ना, तिच्यामुळे."

थोरलीला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं आईला सगळं सांगितलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली की तुला गाडी शिकवताना हेच मास्तर सगळा वेळ ब्रेकवर उभे होते, म्हणून तर तुला दुसऱ्या स्कूलमध्ये घालावं लागलं.

बुधवारी नऊ वाजता मास्तरांना आत नेलं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करणार होते, म्हणजे माणूस आत टक्क जागा, मध्ये फक्त हिरवा पडदा. थोरली बाहेरच्या बाकावर बसली. या बाकावर ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती, आणि तो इतका अरुंद असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती घड्याळाकडे बघून मनातल्या मनात ऑपरेशन करत होती. आता कातडी, आता स्नायूवरचा पडदा, आता ती नस बाजूला. पाऊण तासात तिच्या हिशेबी शेवटचा टाका पडला. दार उघडलं नाही.

एक तास झाला. आईनं विचारलं, एवढा वेळ लागतोच का. "लागतो" हा शब्द थोरलीच्या तोंडावर नेहमी तयार असायचा. आज तो निघेना. ती उठली, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आली, बसली, पुन्हा उठली. मग कपडे बदलायच्या खोलीत शिरून तिनं टोपी घातली, तोंडाला मास्क बांधला. ऑपरेशन थिएटरच्या दाराच्या गोल काचेतून सरांचा एक खांदा, मुंगीची स्टुलावरची पाठ आणि दिव्याखालचे चार हात दिसत होते. ते चारही हात थांबलेले होते.

आणि सरांचा तळहात उघडला.

मुंगीनं कात्री त्यावर ठेवली. थोरलीला इतकं हायसं वाटलं की तिनं काचेवर कपाळ टेकलं, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचीच लाज वाटली. ती कात्री हातातून जाते तेव्हा काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. दोन दिवस जेवण जात नाही. तरीही आत्ता तिला वाटत होतं की सरांनी ती परत देऊच नये. तिचा हात दारावर गेला. तेवढ्यात आतून सिस्टर आल्या. पाच वर्षं थोरलीच्या हातात अवजारं देणाऱ्या त्याच सिस्टर. त्यांनी टोपीपासून चपलांपर्यंत तिला न्याहाळलं.

"नातेवाइकांनी बाहेर बसायचं," त्या म्हणाल्या, आणि काचेवरचा पडदा ओढून घेतला.

थोरली मुकाट बाकावर येऊन बसली, टोपी तशीच डोक्यावर. दीड तासाला दहा मिनिटं कमी असताना मुंगी बाहेर आली. कपाळावर मास्कच्या नाडीचा वळ, डोळे लाल. सवयीनं तिच्या तोंडून आधी "सर होते" एवढंच निघालं. मग थोरलीच्या तोंडाकडे बघून ती थांबली.

"मी केलं, ताई. सगळं ठीक आहे. एका जागी हर्नियाची पिशवी घट्ट चिकटली होती, रक्त यायला लागलं, माझा हात चालेना. सरांनी कात्री घेतली, दोन कट मारले आणि परत दिली. तेव्हाच पडद्यामागून काका बोलले. म्हणाले, सावकाश, मागे कुणी हॉर्न वाजवत नाहीये. सर हसले. सिस्टर हसल्या. मग चालला हात."

आईनं मुंगीच्या पाठीवरून हात फिरवला. थोरलीनं मुंगीला कँटीनमध्ये नेऊन समोर बसवून खायला घातलं.

गुरुवारी दुपारपर्यंत ती हॉर्नची गोष्ट मजल्यामजल्यावर पोचली होती. मास्तर चार नंबरवर उशीला टेकून सगळ्यांच्या नमस्काराचा स्वीकार करत होते. त्याच वेळी नऊ नंबरच्या रुग्णाच्या भावानं मुंगीला अडवलं. धिप्पाड माणूस, हाताची घडी घातलेली. उद्या माझ्या धाकट्याचं ऑपरेशन कोण करणार, असं त्यानं विचारलं. मुंगीनं थोरलीकडे पाहिलं. वाक्य दोघींच्याही जिभेवर होतं.

"ही करणार," थोरली म्हणाली. "हिचं दुसरंच आहे. सर समोर उभे असतील आणि अडलं तर हातात घेतील. तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा."

भावानं मुंगीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"तुमच्या घरचं माणूस असतं तर दिलं असतं हिच्या हाती?"

"चार नंबरवर माझे वडील आहेत," थोरली म्हणाली. "त्यांनाच विचारा."

भाऊ गेला. दुरून काही ऐकू येत नव्हतं. मास्तर हातवारे करत होते, मध्येच त्यांनी चादरीखाली उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा दाबला आणि टाक्यांच्या कळेनं तोंड वाकडं केलं. भाऊ मोठ्यानं हसला. परत आला तो हाताची घडी सोडूनच. उद्या सावकाश करा, असं मुंगीला सांगून तो धाकट्यासाठी पाणी आणायला गेला.

थोरली वडिलांपाशी येऊन बसली. फार खूश होती. बाबा, तुमच्या त्या हॉर्ननं पोरीचा हात सावरला, म्हणाली. मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते मी तिला नव्हतं म्हटलं गं. स्वतःला म्हटलं होतं. पलीकडे एकदम सगळे गप्प झाले, आणि माझी गाळण उडाली. उठून पळावं म्हटलं तर पायच माझे नाहीत. तीस वर्षं दुसऱ्याच्या हाती गाडी दिली, पण ब्रेक माझा होता." त्यांचे डोळे भरून आले. "पुन्हा विचारशील तर हो म्हणेन की नाही, मला सांगता येणार नाही."

थोरलीनं त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता.

"हे त्या भावाला सांगितलंत?"

"त्यानं विचारलंच नाही," मास्तर म्हणाले.

पलीकडे मुंगी कॉटच्या दांडीला गाठी मारत उद्याची तयारी करत होती. वर्षातली तिची ही शेवटची संधी होती, आणि फळ्यावर आज सकाळी थोरलीनंच तिचं नाव लिहिलं होतं. भाऊ पाण्याची बाटली घेऊन जिन्यावरून परत आला. थोरली उठली, पुन्हा बसली, आणि मग उठून नऊ नंबरकडे गेली.

"एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली.